मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या भाच्यासाठी निवासी व्यसनमुक्ती, आणि सोबत त्याच्या आई-बाबांसाठीही

नमस्कार मंडळी,

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. अकरावीत, कोथरूडला राहतो. गांजा ओढतो, आणि आता मागचं सगळं जुळवून पाहिलं तर हे बरेच महिने चालू असावं. ताईला पहिला संशय आला तो उदबत्तीमुळे. देवापुढे कधी हात न जोडणारा मुलगा रात्री अकराला खोलीचं दार लावून उदबत्ती पेटवायला लागला. मग दप्तराच्या आतल्या कप्प्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, लायटर आणि पातळ कागदांचं पाकीट सापडलं. त्याने नाकारलं नाही. "मामा, सगळेच ओढतात, तू उगाच टेन्शन घेतोस," म्हणाला. बोलता बोलता एकदा एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग) घेतल्याचंही सांगून गेला. मधे पैसे मिळाले नाहीत तेव्हा झोप नाही, जेवण नाही, आणि ताईच्या अंगावर धावून गेला. असा नव्हता हो तो.

भाऊजींचं म्हणणं, सहा महिने कुठेतरी टाकू, अद्दल घडेल. त्यांना शहराबाहेरच्या एका केंद्राचा नंबर मिळाला, फोन मी केला. तिकडचा माणूस म्हणाला, गाडी पाठवतो, आमची पोरं येतील, तो झोपेत असतानाच उचलतील. पहिले तीन महिने भेट नाही, फोन नाही. डॉक्टर कोण, तर "व्हिजिटला येतात". लहान मुलांची वेगळी सोय आहे का, तर "सगळे एकत्रच असतात". चाळिशीतल्या दारुड्यांच्या शेजारी या पोराची गादी टाकायची, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

व्यसनमुक्ती म्हटलं की पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण आधी आठवतं. अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर दांपत्याने पुलं-सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली ते सुरू केलं. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' नावाचा गट चालतो, हे ऐकून होतो, आणि मला हवं आहे ते त्याच दिशेचं. कारण पोरगा कुठेही राहून आला तरी परत येणार याच घरात. तिथे ताई-भाऊजी त्याच्याबद्दल बोलायला बसले की दहा मिनिटांत एकमेकांवर घसरतात.

तर विचारायचं असं: या वयाच्या मुलासाठी केंद्र निवडताना काय बघायचं? आई-बाबांना उपचारात खरोखर धरतात म्हणजे काय करतात? आणि भरतीची गरज आहे हे ठरवतं कोण? पोलिसांत नाव जाईल, कॉलेजात कळेल, ही भीती भाऊजींना फार आहे.

प्रतिसाद (व्यसनमुक्ती क्षेत्रातली समुपदेशक)

केंद्र नंतर शोधा, आधी तपासणी करून घ्या. किशोरवयीन मुलं बघणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. गांजा ओढणाऱ्या प्रत्येक मुलाला भरती करावं लागत नाही. बंद केल्यावरची चिडचिड, उडालेली झोप, मेलेली भूक पहिल्या आठवड्यात जोरात असते आणि बहुतेकांची दोनेक आठवड्यांत ओसरते. हा काळ घरी राहूनही निभावता येतो. मात्र जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, भास, टोकाचा संशय, सोबत दारू, झोपेच्या गोळ्या किंवा ब्राऊन शुगर, घरात मारामारी, किंवा बाहेरून उपचार घेऊनही न जमणं, यातलं काही असेल तर निवासी उपचारांचा विचार होतो. एमडीचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुळाशी नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे का, हेही बघायला सांगा. ते तसंच राहिलं तर मूल पुन्हा नशेकडे वळण्याची भीती असते.

त्या फोनवरच्या माणसाचं ऐकून मात्र संताप आला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही येतात. त्याचं कलम ८७ भाऊजींना वाचायला द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण मुक्काम त्याच्याजवळ राहते. भरतीची खबर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाते आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर पुन्हा कळवावं लागतं. तेव्हा "तीन महिने भेट नाही" म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्नही विचारू नका.

पोलिसांचं म्हणाल तर एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ मध्ये स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारांना येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हाही रुग्णाचा हक्कच आहे.

एक विनंती: घरी चोरून लघवीची तपासणी करू नका. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश बंद केल्यावरही कित्येक आठवडे सापडू शकतो. पोरगा खरं बोलत असताना खोटा ठरतो आणि मग बोलणंच बंद करतो.

आज रात्रीच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही फोन मोफत आहेत.

प्रतिसाद (हडपसरहून एक आई)

माझा मुलगा व्हाइटनर आणि सोल्युशन हुंगायचा. "आई-बाबांना धरतात म्हणजे काय" याचं उत्तर देते. आम्हा दोघांना आधी वेगवेगळं आणि मग मुलासोबत बसवलं. मुलासमोर एकमेकांचं बोलणं खोडायचं नाही, हा पहिला नियम. पैसे किती, कुणाच्या हातून, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर, नियम मोडला तर काय, हे सगळं कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. आधी मी गुपचूप पैसे द्यायचे आणि हे मारायचे. मुलाला आमच्यातली ती फट बरोबर ठाऊक होती.

केंद्राला विचाराच: दिवसभरात मुलाचा अभ्यास होतो का, कुटुंबाची बैठक दर आठवड्याला असते का, आणि घरी आल्यानंतर पाठपुरावा कोण, किती महिने करतं. आमची खरी परीक्षा तो परत आल्यावर होती. तोच क्लास, तीच टपरी, तेच मित्र. क्लास आम्ही बदलला. मध्ये एकदा घसरला, पण लगेच समुपदेशकांना फोन केला, म्हणून तिथेच थांबलं. घसरला म्हणजे सगळं वाया गेलं, असं भाऊजींना अजिबात बोलू देऊ नका.

आणि ताईंना दुसरं मूल असेल तर त्याच्याकडेही बघा. आमची धाकटी त्या वर्षात अगदी गप्प झाली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. मोठ्यांनी अल-अनॉनसारख्या कुटुंबीयांच्या गटात जरूर जावं. तिथे कुणी उपदेश करत नाही.

धागाकर्ता

दोघींचे मनापासून आभार. कलम ८७ भाऊजींना वाचून दाखवलं, गाडीचा विषय बंद झाला. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. आधी ताई-भाऊजी दोघंच जाणार आहेत, आणि भाच्याला हे आजच सांगून ठेवलंय, त्याच्यापासून लपवलेलं नाही. "मला डांबणार नाही ना?" एवढंच त्याने विचारलं. डॉक्टर त्याच्याशी बोलल्याशिवाय आणि आम्ही सोबत असल्याशिवाय कुठेही नेणार नाही, असा शब्द मी दिलाय.

आता दोन गोष्टी अडल्यात. भरती करावी लागली तर सोबत राहायला ताईला एवढी रजा मिळणार नाही. मामाला नेमून घेता येतं का, आणि कागद काय लागतात? शिवाय कनिष्ठ महाविद्यालयात हजेरीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र देताना त्यावर आजाराचं नाव न घालता कुणाचं काम झालंय का? अनुभव असेल तर इथे किंवा व्यक्तिगत निरोपात नक्की लिहा.