रास्पबेरी पायवरची मारियाडीबी वीज गेल्यापासून सुरू होत नाही. एरियाच्या लॉग फायली काढाव्यात का?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या डेअरीत सभासदांच्या दुधाची नोंद रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावरील मारियाडीबी या डेटाबेसमध्ये होते. रॅम ४ जीबी, रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती, मारियाडीबी १०.११, आणि सगळा डेटा एसडी कार्डावरच आहे. परवा संध्याकाळी कॅन घेऊन रांग लागलेली असतानाच वीज गेली. आमच्याकडे पावसाळ्यात याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु वीज आल्यावर पाय नेहमीप्रमाणे सुरू झाला आणि मारियाडीबी मात्र काही केल्या उठली नाही.

जर्नलमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) जो संदेश येतो त्याचा आशय असा, की एरियाची, म्हणजे मारियाडीबीत टेबले साठवणाऱ्या एका इंजिनची, रिकव्हरी फसली असून सर्व एरिया टेबलांवर ‘एरिया_चेक’ हे तपासणीचे साधन चालवावे आणि ‘एरिया_लॉग’च्या फायली काढून टाकाव्यात. त्यापाठोपाठ प्लगिनचे टेबल उघडता येत नसल्याची तक्रार येते आणि सर्व्हर बंद पडतो. डिस्क भरलेली नाही, फाइल सिस्टीम रीड-ओन्ली झालेली नाही, ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांत) कार्डाविषयी एकही त्रुटी नाही. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही पायची स्थिती सांगणारी आज्ञा मात्र ०एक्स५०००० असे उत्तर देते, म्हणजे सुरू झाल्यापासून केव्हातरी व्होल्टेज कमी पडले होते. दुधाच्या कूलरचा कंप्रेसर त्याच लाइनवर आहे व तो सुरू होताना खोलीतला दिवा मंदावतो, त्यामुळे माझा संशय तिकडे जातो.

गेल्या रविवारचा डंप (डेटाबेसची प्रत) पेन ड्राइव्हवर सुरक्षित आहे. त्यानंतरच्या नोंदी सभासदांच्या पावत्यांवरून पुन्हा भरता येतील, पण कोणाची पावती भिजलेली तर कोणाची हरवलेली, आणि पंधरवड्याचे बिल तोंडावर आले आहे. म्हणून विचारतो, की लॉग फायली काढल्यास दुधाच्या नोंदींना धोका आहे का, आणि कोणते काम आधी करावे? तोवर कशालाही हात लावलेला नाही.

प्रतिसाद, निपाणीहून

हात लावला नाहीत हे उत्तम. पाय रीतसर बंद करून कार्ड काढा, दुसऱ्या लिनक्स संगणकावर ‘डीडीरेस्क्यू’ या प्रत काढणाऱ्या साधनाने त्याची पूर्ण प्रतिमा घ्या, ती नव्या कार्डावर उतरवा आणि पुढचे सगळे त्या कार्डावरच करा. ‘डीमेसेज’ स्वच्छ आहे एवढ्यावरून कार्ड निर्दोष ठरत नाही. लिहून झाले असे सांगूनही डेटा प्रत्यक्षात न लिहिणारी कार्डे असतात.

मारियाडीबी १०.४ पासून सिस्टीम टेबले (सर्व्हरची स्वतःची माहिती ठेवणारी) एरियात असतात. तुमची टेबले मुद्दाम बदलली नसतील तर ती इनोडीबी या दुसऱ्या, नेहमीच्या इंजिनमध्ये आहेत आणि त्यांची रिकव्हरी स्वतंत्र रीडू लॉगवरून (बदलांच्या नोंदीवरून) होते. त्यामुळे सर्व्हर बंद ठेवून ‘एरिया_लॉग_कंट्रोल’ व क्रमांक असलेल्या ‘एरिया_लॉग’ फायली दुसऱ्या फोल्डरात हलवा (पुसू नका), ‘मायएसक्यूएल’ फोल्डरातील एमएआय फायलींवर (एरिया टेबलांच्या फायली) ‘एरिया_चेक’ दुरुस्तीच्या पर्यायासह चालवा, फायलींची मालकी मायएसक्यूएल युजरकडेच आहे ना ते पाहा आणि मग सर्व्हर सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागते. त्यानंतरही इनोडीबी अडली तर ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ ही सेटिंग १ पासून एकेक वाढवा, पण ३ वर थांबा. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. सर्व्हर उठताच आधी डंप घ्या. सभासदांची नावे कन्नड व मराठीत असतील तर डंप व रिस्टोअर दोन्ही वेळी कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ द्या, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतील.

कंप्रेसरवर मी इतक्यात ठपका ठेवणार नाही. चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत निभावून नेतो. बारीक, लांब केबल किंवा मोबाइलचा चार्जर हे नेहमीचे कारण. पायला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. डेटा यूएसबी एसएसडीवर हलवा व छोटा यूपीएस लावा. आणखी एक, पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज आल्यावर इंटरनेट नसेल तर वेळ मागेच राहते आणि संध्याकाळचे दूध सकाळच्या खात्यात पडते. परवाच्या नोंदी तेवढ्या तपासून पाहा आणि डीएस३२३१ या घड्याळाचे मॉड्यूल बसवून घ्या.

एरिया_चेकनंतरही सर्व्हर उठला नाही, तर जर्नलच्या शेवटच्या ओळी जशाच्या तशा इथे द्या.