कोकोनिनोच्या जंगलात कॅम्पग्राउंडबाहेर मोफत मुक्काम: जागा, रस्ता आणि आगीचे नियम

पाऊलवाट

नमस्कार. मी, पत्नी आणि आमची दहा वर्षांची मुलगी फीनिक्समध्ये राहतो. गेली चार वर्षे आम्ही अ‍ॅरिझोनात आणि युटात तंबू घेऊन फिरत आहोत, पण आजवरचे सगळे मुक्काम आगाऊ आरक्षण केलेल्या कॅम्पग्राउंडमध्येच झाले. तिथे नळ असतो, शौचालय असते, टेबल असते आणि शेजारच्या तंबूतले बोलणे रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फ्लॅगस्टाफजवळच्या कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमध्ये दोन रात्री पूर्णपणे मोकळ्या जागी राहावे, असे आमच्या मनात आहे. ज्याला इथे ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात, ते शुल्क आणि आरक्षण दोन्हींशिवाय करता येते, एवढे मला ठाऊक आहे. ‘कुठेही’ तंबू लावता येतो, असेही वाचले आहे. मात्र या ‘कुठेही’चा नेमका अर्थ मला कळलेला नाही.

आमची गाडी साधी सेडान आहे. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर ती कितपत जाईल? शौचालय नसताना लहान मुलीला घेऊन राहणे जमण्यासारखे आहे का? मुलीला शेकोटीची फार हौस आहे, म्हणून जूनमध्ये शेकोटी पेटवता येते का, हेही विचारतो. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवराई

तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांत अनेकांची गल्लत होते. पार्क ‘इंटिरिअर’ नावाच्या केंद्रीय खात्याच्या अखत्यारीत येतात, तर फॉरेस्ट हे १९०५ साली स्थापन झालेल्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत आणि ती सेवा कृषिखात्यात मोडते. पार्कमध्ये ठरवून दिलेल्या जागेबाहेर किंवा परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही. देशातल्या १५४ नॅशनल फॉरेस्टमध्ये मात्र, जिथे स्पष्ट मनाई नाही, अशा बहुतेक ठिकाणी मोफत राहता येते. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर कॅम्पग्राउंड भरलेले असते, तेव्हा जाणकार मंडळी पार्कच्या हद्दीबाहेर येऊन लगतच्या कायबाब फॉरेस्टमध्ये तंबू लावतात, ते याच नियमाच्या आधारावर.

आता ‘कुठेही’चा अर्थ. प्रत्येक फॉरेस्ट ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’ नावाचा नकाशा मोफत देते. तो काळापांढरा आणि दिसायला अगदी रुक्ष असतो, पण कोणत्या रस्त्यावर कोणते वाहन कोणत्या महिन्यांत चालते, याचा कायदेशीर आधार तोच आहे. त्यात काही रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपके छापलेले असतात. मुक्कामासाठी गाडी रस्ता सोडून ठरावीक अंतरापर्यंत आत नेण्याची मुभा फक्त त्या ठिपक्यांच्या रस्त्यांवर असते. इतर खुल्या रस्त्यांवर गाडी अगदी कडेला लावावी आणि सामान हातात घेऊन चालत आत जावे. जो रस्ता नकाशावर नाही, तो जमिनीवर कितीही स्पष्ट दिसत असला, चाकांच्या ताज्या खुणा त्यावर असल्या, तरी वाहनासाठी तो बंदच समजायचा. नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत इथेच होते. नकाशा घरूनच फोनवर उतरवून घ्या, कारण आत गेल्यावर नेटवर्क मिळेल याचा भरवसा नाही.

याशिवाय स्थानिक बंधने वेगळी असतात. सेडोनाच्या आसपास, ओक क्रीक कॅनियनमध्ये आणि फ्लॅगस्टाफजवळच्या काही रस्त्यांवर मोकळा मुक्काम एक तर बंद आहे किंवा खांब रोवून क्रमांक दिलेल्या जागांपुरताच आहे. एका जागी राहण्याची मुदत सर्वसाधारणपणे १४ दिवस असते. तुमच्या दोन रात्रींना तिची अडचण नाही. निघण्याच्या आठवड्यात, कामकाजाच्या दिवशी, त्या भागाच्या रेंजर ऑफिसला फोन करा आणि रस्त्याचा क्रमांक सांगून विचारा. तिथली माणसे मनापासून उत्तर देतात, आणि परवाच्या पावसात कोणता रस्ता वाहून गेला, ही माहिती त्यांच्याकडेच असते.

जागा निवडताना आधी कुणी तंबू लावलेली, गवत दबून जमीन कडक झालेली जागाच घ्या. नवी जागा साफ करण्याचा मोह टाळावा. तिथे उगवलेले रोप तुम्ही काढले की पुढच्या शनिवारी दुसरे कुटुंब त्याच उघड्या जमिनीवर गाडी लावते, आणि दोन वर्षांत तिथे आंगण तयार होते.

घाटमाथा

गाडीविषयी मी लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

कोकोनिनोमध्ये खडी टाकलेले मुख्य फॉरेस्ट रोड कोरड्या हवेत सेडानने आरामात होतात. त्यांना फुटणाऱ्या फाट्यांची गोष्ट वेगळी आहे. एक साधी खूण सांगतो: रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या तपकिरी पाटीवर क्रमांक आडवा लिहिलेला असेल, तर तो रस्ता साधारणपणे नेहमीच्या गाड्यांसाठी राखलेला असतो, अरुंद उभ्या पट्टीवर आकडे एकाखाली एक लिहिलेले असतील, तर तो उंच गाड्यांचा रस्ता समजावा. अशा उभ्या पाटीपाशी तुमची गाडी थांबवा आणि आधी पायी पुढे जाऊन पाहा.

तीन वर्षांपूर्वी मोगोयॉन रिम या लांब कड्यावर मी नेमका हा आळस केला. चुनखडीचा एक धारदार दगड मातीतून चार बोटे वर आलेला होता, त्याने मागच्या टायरची बाजूची भिंत फाडली. बाजूची भिंत फाटली की पंक्चरच्या पेटीचा काही उपयोग नसतो. स्टेपनी म्हणून गाडीत होते ते बारीक, तात्पुरते चाक. डांबरी रस्ता अकरा मैलांवर, फोनला एकही काडी नाही, आणि गाडीत माझे वडील बसलेले. ताशी आठ-दहा मैलांच्या वेगाने, प्रत्येक खड्ड्यापाशी उतरून दगड बाजूला करीत बाहेर पडायला आम्हाला सूर्य मावळला. तेव्हापासून पूर्ण मापाची स्टेपनी, हवा भरण्याचा छोटा पंप आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी घेतल्याशिवाय मी डांबर सोडत नाही. मऊ मातीत फळी नसेल तर जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली रुततो.

भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा. कच्च्या रस्त्यावर नेण्यास त्यात बहुधा मनाई असते. फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला आणि पूर्वेला ज्वालामुखीची काळी, भुसभुशीत राख आहे. ती वाळूसारखीच चाके गिळते, तेव्हा सेडानने तिकडे वळू नये.

ध्रुवतारा

शेकोटीच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: जूनमध्ये शेकोटीचा विचारच सोडून द्या. मुलीला आजच सांगा, म्हणजे तिथे पोहोचल्यावर तिचा हिरमोड होणार नाही.

अ‍ॅरिझोनात मे आणि जून हे वर्षातले सर्वांत कोरडे महिने. हिवाळ्यातले बर्फ वितळून गेलेले असते आणि मॉन्सूनचा पाऊस यायला बहुधा जुलै उजाडतो. या काळात फॉरेस्ट सर्व्हिस टप्प्याटप्प्याने निर्बंध लावते. पहिल्या टप्प्यात शेकोटी आणि कोळसा फक्त बांधीव कॅम्पग्राउंडमध्ये चालतो, म्हणजे मोकळ्या मुक्कामात तो आपोआप बंद होतो. दुसऱ्या टप्प्यात तो कॅम्पग्राउंडमध्येही बंद होतो. बटण फिरवताच विझणारी गॅसची शेगडी मात्र सहसा दोन्ही टप्प्यांत चालते, त्यामुळे चहा आणि जेवण यांची अडचण होत नाही. परिस्थिती फारच बिघडली तर जंगलच बंद करतात. २०२१ च्या जूनमध्ये कोकोनिनो लोकांसाठी संपूर्ण बंद होते. म्हणून तुमच्याजवळ दुसरा बेत तयार असू द्या.

निर्बंध नसताना पेटवलीच, तरी पॉन्डेरोसा पाईनच्या खालची जमीन एकदा हातात घेऊन पाहा. वर तपकिरी सुयांचा थर, त्याखाली अर्धवट कुजलेल्या सुया, त्याखाली काळसर भुसा, आणि मग कुठे खरी माती लागते. ठिणगी या भुशात उतरली की ज्वाळा दिसत नाही, धूरही दिसत नाही, ती आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की वर येते. २०१० च्या जूनमधली शुल्त्झ आग एका न विझवता सोडलेल्या शेकोटीने लागली. फ्लॅगस्टाफच्या डोक्यावरचे सुमारे १५ हजार एकर जंगल त्यात जळाले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. जुलैत पाऊस आला तेव्हा त्या भाजलेल्या उतारांवर पाणी मुरेना. ते राख आणि दगड घेऊन खालच्या वस्तीत शिरले आणि बारा वर्षांची एक मुलगी त्या लोंढ्यात वाहून गेली. शेकोटी सोडून जाणाऱ्याला यातले काहीही कधी दिसले नसेल.

यालाच जोडून तुमच्या शौचालयाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण कोकोनिनोमध्ये हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. २०२२ च्या जूनमधली पाइपलाइन आग जंगलात मुक्कामाला असलेल्या एका माणसाने वापरलेला टॉयलेट पेपर जाळून दगडाखाली दाबला, त्यातून लागल्याचे तपासात पुढे आले. २६ हजार एकरांहून अधिक जंगल जळाले. घाण मागे राहू नये, असाच कदाचित त्याचा हेतू असेल. तेव्हा कागद जाळू नका आणि कोरड्या मातीत पुरूही नका, कारण तिथे तो लवकर कुजत नाही आणि जनावरे उकरून काढतात. दुहेरी झिपलॉक पिशवीत भरून परत आणा. खड्डा सहा ते आठ इंच खोल, आणि पाणी, पायवाट, तंबू या तिन्हींपासून किमान २०० फूट लांब असावा. मोठ्या माणसाची सुमारे सत्तर पावले होतात. लहान खुरपे सोबत ठेवा. दहा वर्षांच्या मुलीला अंधारात हे अवघड वाटेल, म्हणून झाकणाची बादली, आत घालायची पिशवी आणि आडोशाला एक छोटा उभा तंबू घ्या. माझ्या भाचीने पहिल्या रात्री रडून नकार दिला होता. आडोसा मिळाल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिची काहीच तक्रार राहिली नाही.

पाऊलवाट

तिघांचेही मनापासून आभार. शुल्त्झ आगीची हकीकत मी पत्नीला वाचून दाखवली आणि शेकोटीचा विषय घरात तिथेच संपला. आता दोन गोष्टी विचारतो. पाणी किती न्यावे, की जवळपास ओढे मिळतात आणि गाळून घेता येते? आणि अस्वलांचे काय?

देवराई

ओढ्यांवर अजिबात विसंबू नका. त्या पठारावर पडलेले पाणी ज्वालामुखीच्या खडकातून आणि चुनखडीतून झिरपून खोल जाते. नकाशावर निळी रेघ दिसते, पण जूनमध्ये तिथे कोरडे गोटे असतात. माणशी दिवसाला एक गॅलन हा हिशेब पिण्याचा आणि स्वयंपाकाचा झाला. हातपाय धुणे आणि अडीअडचण धरून तुम्ही तिघांसाठी दहा गॅलन न्या, आणि ते एकाच मोठ्या डब्यात न भरता दोन-तीन डब्यांत विभागून भरा.

गुरांसाठी बांधलेली छोटी तळी तुम्हाला दिसतील, त्यांना तिथे ‘टँक’ म्हणतात. पाण्याकाठची जागा सुंदर वाटते, तरी तिथे तंबू लावू नका. परिसरात जनावरांना तेवढेच पाणी असेल आणि आपल्यामुळे त्यांची वाट अडत असेल, तर त्या पाण्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करणे अ‍ॅरिझोनाच्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दिवसभराची तहान घेऊन आलेले एल्क, म्हणजे तिथले मोठे हरीण, माणसाचा वास येताच झाडांच्या कडेशी थांबते आणि पाणी न पिता परत फिरते. हे मी एकदा दुर्बिणीतून पाहिले आहे आणि ते दृश्य मला आवडले नाही.

अस्वले आहेत, ती काळी अस्वले. ग्रिझली तिथे नाहीत. अन्न, कचरा, टूथपेस्ट, साबण असे वास येणारे सगळे रात्री गाडीत, काचा बंद करून ठेवा. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको, आणि ही गोष्ट मुलीच्या बॅगेत डोकावून खात्री करण्याजोगी आहे.

अस्वलापेक्षा मला वाळलेल्या झाडांची भीती अधिक वाटते. तंबू लावण्यापूर्वी मान वर करून पाहा. साल गळालेले, शेंड्याला सुया नसलेले खोड त्याच्या उंचीच्या दीडपट अंतरात असेल तर दुसरी जागा शोधा. जूनमधला दुपारचा वारा तिथे जोरदार असतो. रात्रीची थंडीही फीनिक्सवरून येणाऱ्यांना अनपेक्षित असते. सात हजार फुटांवर जूनमध्येही पहाटे पारा चाळीस अंश फॅरनहाइटच्या आसपास उतरतो, म्हणून मुलीसाठी चांगली जाड स्लीपिंग बॅग आणि खाली फोमची गादी घ्या.

शेकोटी नाही म्हणून ती खट्टू झाली, तर तिला दुपारी उन्हात तापलेल्या एखाद्या जुन्या, केशरी सालीच्या पॉन्डेरोसापाशी न्या आणि सालीच्या भेगेला नाक लावायला सांगा. व्हॅनिलासारखा वास येतो.

घाटमाथा

एक राहिले. निघण्यापूर्वी घरी राहणाऱ्या कुणाला तरी फॉरेस्ट रोडचा क्रमांक, गाडीचा रंग आणि परतण्याची वेळ लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी शेरिफच्या कार्यालयाला फोन करायचा, तेही त्यांच्याशी ठरवून ठेवा. आयत्या वेळी जागा बदलली, तर फोन लागतो तिथपर्यंत परत येऊन नवा क्रमांक कळवा आणि मगच आत जा.

पाऊलवाट

लिहून घेतले. काल रेंजर ऑफिसला फोन केला होता. पहिल्या टप्प्याचे निर्बंध लागू झाले आहेत आणि आम्ही पाहून ठेवलेला रस्ता सेडानसाठी ठीक आहे, असे तिथल्या बाईंनी सांगितले. मात्र पहिल्या दोन मैलांतल्या जागा शुक्रवारी दुपारीच भरतात, म्हणून गुरुवारी या, असे त्यांनी सुचवले. मी गुरुवारची रजा टाकली आहे. पूर्ण मापाच्या स्टेपनीची चौकशी उद्या करतो.