दोन वेट स्टेट लावूनही एलसीडीवर कचरा

प्रश्न:
अॅटमेगा१२८ (एव्हीआर घराण्यातला मायक्रोकंट्रोलर), १६ मेगाहर्ट्झ, ५ व्होल्ट. एचडी४४७८० (कंट्रोलर चिप) जातीचा एलसीडी थेट एक्स्टर्नल मेमरी बसवर (बाहेरची मेमरी जोडायच्या तारांवर) टांगलाय. इनेबल (एलसीडीला 'आता घे' सांगणारा सिग्नल) आरडी-डब्ल्यूआर या वाचा-लिहा सिग्नलांवरून गेटने काढलाय. एसआरडब्ल्यू या सेटिंग बिट्सनी दोन वेट स्टेट (थांबण्याचे जादा क्लॉक) लावल्या, तरी 'तापमान' ऐवजी चौकटी दिसतात. गंमत म्हणजे ऑसिलोस्कोपचा प्रोब लावला की कधीकधी बरोबर चालतं! रात्रीचे दोन वाजलेत, डोकं बंद.

उत्तर १:
प्रोबचं सोडा, आधी हिशोब करा. एक क्लॉक ६२.५ नॅनोसेकंद. वेटशिवाय स्ट्रोब (आरडी-डब्ल्यूआरचा पल्स) साधारण एक क्लॉक, दोन वेट लावून तीन, म्हणजे १८७. एलसीडीला ५ व्होल्टला इनेबल किमान २३० लागतो. 'दोन वेट आणि एक' वाला पर्यायही उपयोगाचा नाही, त्यातला जादा क्लॉक स्ट्रोब संपल्यावर येतो. ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा, नाहीतर एलसीडी साध्या पोर्ट पिनांवरून हलवा. मी पोर्ट पिनांवरूनच हलवतो.

उत्तर २:
जुन्या ८०८५ प्रोसेसरवर रेडी पिन खाली धरली की तो बापडा टी२ (त्या व्यवहारातला दुसरा क्लॉक) नंतर हवं तितका वेळ थांबायचा. एव्हीआरला ती सोयच नाही.

प्रश्नकर्ता:
८ वर चाललं! पण आता मधलीच अक्षरं गळतात.

उत्तर १:
ते वेट स्टेटचं काम नव्हे. एक अक्षर लिहायला एलसीडी स्वतः सुमारे ४० मायक्रोसेकंद घेतो. बिझी फ्लॅग (एलसीडीची 'अजून कामात आहे' ही खूण) वाचताय ना?

प्रश्नकर्ता:
...नाही.