मदत हवी आहे : क्रिएटिन सुरू केल्यावर दोन सेटमधील विश्रांती कमी करावी का?

नमस्कार. मी ४२ वर्षांची असून गेली दोन वर्षे नियमितपणे वजनांचा व्यायाम करते. मी पूर्ण शाकाहारी असल्याने स्नायूंतील क्रिएटिनचा (झटपट ऊर्जा मिळवण्यासाठी स्नायू वापरतात त्या, मांस-माशांतून मिळणाऱ्या पदार्थाचा) साठा मुळात कमी असणार, हे लक्षात घेऊन सहा आठवड्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट पाण्यातून घेत आहे.

जोरकस सेटमध्ये, म्हणजे न थांबता सलग वजन उचलताना, स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन (क्रिएटिनचे ऊर्जा साठवणारे रूप) झपाट्याने खर्च होते आणि ते बऱ्याच अंशी भरून यायला साधारण तीन मिनिटे लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी स्क्वॉटच्या (खांद्यावर बार घेऊन बसण्या-उठण्याच्या) दोन सेटच्या मधे आजवर तीन मिनिटे थांबत आले. मात्र संध्याकाळी जिममध्ये रॅकपाशी (बार ठेवायच्या चौकटीपाशी) रांग लागलेली असते, त्यामुळे गेल्या आठवड्यात मी ही विश्रांती दीड मिनिटावर आणून पाहिली. ५० किलोवर पहिल्या सेटमध्ये आठ वेळा व्यवस्थित झाले, दुसऱ्यात सात, आणि तिसऱ्यात पाचव्या वेळी वर येताना गुडघे आत वळू लागले, तेव्हा मी बार रॅकवर ठेवून दिला. तीन मिनिटे थांबल्यावर असे कधीच होत नाही.

माझे उद्दिष्ट ताकद वाढवणे हे आहे. क्रिएटिन घेत असतानाही स्क्वॉट आणि डेडलिफ्टसाठी पूर्ण तीन मिनिटे राखून, बायसेप्स कर्लसारख्या हलक्या व्यायामांत वेळ वाचवावा, असे मला वाटते. हे योग्य आहे का? ज्यांनी दोन्ही पद्धती काही महिने वापरल्या आहेत, त्यांनी आपल्या नोंदींसह कृपया सांगावे.