फूड स्टँपला ८० तासांची अट: रास्त की जाचक?

ओहायोकर: अमेरिकेत गरिबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत देणाऱ्या ‘स्नॅप’ योजनेत, म्हणजे जुन्या भाषेत फूड स्टँपमध्ये, कामाची अट १९९६ पासून आहे. धडधाकट आणि मुलेबाळे पदरी नसलेल्या प्रौढाने महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा केली नाही, तर त्याला ३ वर्षांत ३ महिनेच मदत मिळते. जुलै २०२५ च्या कायद्याने या अटीची वयोमर्यादा ५४ वरून ६४ वर नेली, १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांच्या आईवडिलांनाही तीत ओढले आणि माजी सैनिक व बेघर यांना २०२३ मध्ये दिलेली सूट काढून घेतली. मी शनिवारी एका फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, डबे लावायला जातो. तिथे येणारे एक साठीचे गृहस्थ गोदामात कामाला आहेत. त्यांना एका आठवड्यात २४ तास मिळतात, तर पुढच्या आठवड्यात १२. तास ठरवतो मुकादम आणि मदतीचे कार्ड बंद पडते यांचे.

जमाखर्च: असहमत. पगारी नोकरीच हवी असे कायदा म्हणत नाही. तुमच्या पँट्रीत डबे लावूनही तास भरता येतात. गरोदर स्त्रिया आणि शरीराने वा मनाने काम करण्यास असमर्थ असलेले लोक आजही अटीबाहेर आहेत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहून कर भरणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही मदत मुळीच मिळत नाही. मग धडधाकट माणसाकडून आठवड्याला वीसेक तासांची अपेक्षा ठेवणे अन्याय कसा?

ओहायोकर: सूट कायद्यात असते, पण ती मिळवायला डॉक्टरचा कागद लागतो आणि डॉक्टरकडे जायला विमा लागतो. मंदीच्या काळात स्थगित असलेली अट व्हर्जिनियात २०१३ मध्ये पुन्हा लागू झाली, तिच्या अभ्यासात अटीखाली आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लाभार्थी गळाल्याचे आढळले. रोजगार वाढल्याचे मात्र दिसले नाही.

जमाखर्च: मग कागदपत्रे सुटसुटीत करा. अट का काढायची?

माणदेशी: आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात असे, त्यामुळे कामाच्या बदल्यात धान्य ही कल्पना मला परकी नाही. परंतु पुढे रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्यात काम मागितल्यावर १५ दिवसांत ते देणे सरकारवर बंधनकारक होते, आणि न दिल्यास बेकारी भत्ता. स्नॅपमध्ये राज्याने काम दिलेच पाहिजे असे बंधन नाही.

जमाखर्च: हा मुद्दा मान्य. राज्याने काम देऊ केले आणि ते नाकारले, तरच मदत थांबावी, असे असते तर माझी तक्रार नव्हती. त्या गृहस्थांनी कमी पडलेले तास पँट्रीत भरले तर?

ओहायोकर: विचारले होते. गोदामातून शिफ्टचा फोन कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून ते कुठलाच वार कबूल करू शकत नाहीत.