मदत हवी आहे: मुंगळ्यांची राणी नळीतून डबीत कशी हलवू?

पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळालेली काळ्या मुंगळ्यांची राणी परीक्षानळीत ठेवली आहे. तळाला पाणी, मग कापसाचा बोळा, बाहेरून काळा कागद. पहिले कामकरी येईपर्यंत ती अंगातल्या साठ्यावर जगते, म्हणून खायला काही दिलं नव्हतं. आता चिमुकले कामकरी आलेत, साखरपाणी पितात, फार गोड दिसतात! पण पाणी संपत आलंय, कापूस काळा पडतोय. मुखवासाच्या चपट्या डबीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून घर केलंय. प्लास्टर किती ओलं ठेवू? हवेसाठी टाचणीची भोकं पुरतील का? नळी डबीला जोडून काळा कागद काढला तर त्या आपणहून सरकतील का? झटकून काढायच्या नाहीत, घाबरलेली राणी अंडी खाते. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.