मदत हवी आहे: लाँगजंपनंतर न बदललेला पॉइंटरही बिघडतो (सी, थ्रेड्स)

सीमधला प्रोग्रॅम आहे. चार वर्कर थ्रेड लिबजेपेगने फोटो उघडतात. फाइल खराब निघाली की ही लायब्ररी मुळात अख्खा प्रोग्रॅमच बंद करते, म्हणून सगळे करतात तसं तिचं एरर_एक्झिट (चूक झाली की ती बोलावते ते फंक्शन) बदलून त्यात लाँगजंप (सेटजंपने खूण केलेल्या जागी थेट परत उडी) टाकलाय. ती खूण साठवणारा जंप_बफ प्रत्येक थ्रेडचा वेगळा आहे.

-ओ० ला (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद) सगळं सुरळीत. -ओ२ ला (ऑप्टिमायझेशन चालू) खराब फाइल आली की मेमरी फ्री करताना सेगफॉल्ट, म्हणजे चुकीच्या पत्त्यामुळे प्रोग्रॅम कोसळतो. ओळींच्या बफरचा पॉइंटर सेटजंपनंतर बदलतो, तो व्होलाटाइल केलाय (म्हणजे कंपायलरने तो रजिस्टरमध्ये न ठेवता दरवेळी मेमरीतून वाचावा), आणि व्होलाटाइल चांदणीच्या नंतर लिहिलाय (आधी लिहिला तर पॉइंटर सोडून तो दाखवतो तो डेटा व्होलाटाइल होतो!). तरी आता 'काम' नावाचा पॅरामीटर बिघडतो. त्याला सेटजंपनंतर कुणी हातही लावत नाही. सीच्या स्टँडर्डप्रमाणे तो शाबूत राहायला हवा, पण जीडीबी या डीबगरमध्ये भलताच पत्ता दिसतो.

प्रोग्रॅम एका छोट्या बोर्डावर चालतो; कंपायलर त्या बोर्डासोबत आलेला जुना क्रॉस कंपायलर (पीसीवर चालून बोर्डासाठी कोड बनवणारा), बदलता येणार नाही. पीसीवर नव्या जीसीसीने तोच कोड नीट चालतो, अशा बिघडू शकणाऱ्या व्हेरिएबल्सची सूचना देणारा -डब्ल्यूक्लॉबर्डही गप्प. स्टॅटिक सुचवू नका, चार थ्रेड एकाच जागेत लिहितील. दिसेल ते व्होलाटाइल करत सुटायचं का?

प्रतिसाद

सेटजंप स्वतःच्या फंक्शनमध्ये गुंडाळलाय का? किंवा फंक्शन पॉइंटरमधून बोलावताय? जीसीसी त्याला नावावरून ओळखतो आणि हे फंक्शन दोनदा परतू शकतं असं धरतो. नाव दिसलं नाही तर स्टॅकवरची जागा खुशाल दुसऱ्या कामाला लावतो. शिवाय गुंडाळणारं फंक्शन परतून गेलं की तिथे उडी मारणंच बेकायदा.

थेट बोलावत असाल तर कंपायलरचा बग धरा. क्यूईएमयू या एम्युलेटरच्या सीपीयू-एक्झेक फाइलमध्ये तशी टीपच होती: काही कंपायलर सिगलाँगजंपनंतर (लाँगजंपचाच एक प्रकार) सगळी लोकल व्हेरिएबल्स चुकीने पुसतात, जीसीसी ४.५.० आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरबद्दल तक्रारी आल्या होत्या. त्यांनी वाद न घालता उडीनंतर सीपीयूचा पॉइंटर थ्रेड-लोकल (प्रत्येक थ्रेडची वेगळी प्रत असलेल्या) करंट_सीपीयूमधून पुन्हा भरून घेतला.

तुम्हीही तेच करा. बफर, फाइल, जे मोकळं करायचं ते सगळं एका स्ट्रक्टमध्ये, त्याचा पत्ता थ्रेड-लोकलमध्ये. सेटजंप असलेल्या फंक्शनात स्वतःचं लोकल काहीच नको, खरं काम वेगळ्या फंक्शनात, आणि त्याला नोइनलाइन (बोलावणाऱ्या फंक्शनात मिसळू नको अशी सूचना) लावाच. नाहीतर -ओ२ ते परत आत ओढेल.

धागाकर्ता

थेटच बोलावतोय. पण या बोर्डावर थ्रेड-लोकलसाठीचा __थ्रेड लिंकच होत नाही. त्याऐवजी पीथ्रेड_गेटस्पेसिफिक (की देऊन त्या थ्रेडची साठवलेली किंमत परत देणारं फंक्शन) चालेल?

प्रतिसाद

चालेल. त्याची ती ‘की’ मात्र ग्लोबल ठेवा आणि गेटस्पेसिफिक उडीनंतर, एररच्या फांदीत बोलवा. आधी घेऊन लोकलमध्ये ठेवलंत तर तेही पुसलं जाईल.